एफ्राइनचं नाव आणि माझा ताशा

शनिवार, ११ मे २०१३
न्यूनेन

आसावरी म्हणते, मी दिवसभर जेवढा कुरकुरतो तेवढं लिहून काढलं तर घरात जरा शांतता नांदेल. तेव्हा बायकोच्या शांततेसाठी हा उद्योग. कोणी वाचणार नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची आणि भिडेची काळजी नाही.

आजचा विषय मोजे. चारुताला डान्सच्या क्लासला एरवी आसावरी सोडते, आज तिचं डोकं दुखत होतं म्हणून मी गेलो. आइंडहोवन स्टेशनच्या मागे एक जुनी व्यायामशाळा आहे. दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावावा लागला. पोरापोरींचे घामट मोजे, रबरी चटई, आणि कोपऱ्यात कुणीतरी फ्रिकांडेल नावाचं ते तळकट डच सॉसेज खात बसलेलं, ज्यात कुठल्या प्राण्याचं काय असतं हे इथल्या लोकांनाही सांगता येत नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध माझी मुलगी, जिला आम्ही लहानपणापासून कथक शिकवलं, चटईवर डोकं टेकून भिंगरीसारखी फिरत होती. याला ब्रेकिंग म्हणतात. शी! त्या चटईला किती जणांनी काय काय पुसलं असेल.

शिकवणारा पन्नाशीचा, ठेंगणा, गव्हाळ, भरघोस मिशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला वाटलं, आपलाच कोणीतरी. म्हणून सरळ हिंदीत विचारलं, "भाईसाब, आप कहाँ के?" त्याने थंडपणे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, "ब्राँक्स." मी म्हटलं, तसं नव्हे, मूळचे कुठले? "मूळचाही ब्राँक्सचाच. आईवडील प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आले. डच लोकांना मी तुर्की वाटतो, तुर्कांना मोरोक्कन, आणि आता इंडियनही होऊन झालं." त्याचं नाव एफ्राइन.

घरी उतरताना चारुता म्हणाली, "सो एम्बॅरसिंग, बाबा." त्यात माझं काय चुकलं?

रविवार, २ जून

पथकाचा सराव झाला, असं म्हणायचं. इथल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक मी गेल्या वर्षी काढलं, ढोल पुण्याहून जहाजाने आणवले. आधी एका शाळेच्या पटांगणात वाजवत होतो, तर शेजाऱ्यांनी खेमेंतेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली की युद्ध सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून आता गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात. रिकामा म्हणजे गाई नाहीत, शेण आहे. आमची आयटीतली पोरं शेणाचे फोटो काढून पुण्याला पाठवतात आणि ढोल उचलण्याआधी हातमोजे घालतात. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग कडकडाट, यांना यूट्यूबवर बघून कळतो. यांना वाजवताना बघून मला फक्त ओकारी यायची बाकी राहते.

उलटा तोडा तर एकालाही जमत नाही. तो आमच्या पुण्याच्या पथकाची शान होता. ताशा सरळ चाललेला असताना मध्येच पाय घसरल्यासारखा मागे पडतो, आणि ढोलाची आवर्तनं संपायच्या आत पुन्हा पुढे येऊन उभा राहतो. कॉलेजात असताना आम्ही तो बसवला. त्या वर्षी मिरवणुकीत लोक पुढचं पथक सोडून आमच्यासाठी थांबले होते.

अरुण आजही फिरकला नाही. हा आमच्याच कंपनीत, चिप बनवण्याच्या यंत्रांवर माझ्या शेजारच्याच विभागात काम करतो. सांगलीकडचा, हुशार, पण माणूसघाणा. त्याची बायको वृंदा मंडळात सगळ्यांत पुढे, मुलगी चारुताच्याच क्लासला. हा मात्र पथकाचं नाव काढलं की स्क्रीनमध्ये डोकं घालतो. "मला नाही जमायचं, राजनदादा." अरे, गावाकडच्या माणसाच्या अंगातच ताल असतो, त्याला जमायचं नाही तर काय आम्हाला? चार पुस्तकं जास्त शिकलं की माणसाला ढोल-ताशाची लाज वाटायला लागते. मला अशा लोकांचा मनापासून तिटकारा आहे.

बुधवार, १९ जून

क्लास सुटल्यावर एफ्राइनने मला कॉफीला बसवून घेतलं. माणूस भयंकर बढाईखोर. ब्रेकिंगच्या एका टोळीबरोबर ऐंशीच्या दशकात युरोपात आला, टोळी परत गेली, हा एका डच बाईसाठी राहिला, पुढे बाई गेली आणि हा राहिलाच. गुडघे दोन्ही निकामी. तरी आपल्याइतका कोणी सुंदर फिरला नाही, असं त्याचं ठाम मत आहे. कॉफीत चार चमचे साखर घालून तो लगदा चमच्याने खातो. बघवत नाही.

पण त्याने सांगितलं ते मात्र मनाला लागलं. सत्तरच्या दशकात तो ब्राँक्समध्ये पोरगा होता. इमारती जळत होत्या, एकाच जिन्यावर काळी पोरं आणि प्वेर्तो रिकन पोरं बसायची. कोणीतरी पार्कात रस्त्याच्या दिव्यातून वीज ओढून रेकॉर्ड लावायचा, आणि गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की पोरं पुठ्ठ्यावर उतरायची. "काळ्या पोरांनी सुरू केलं, हे मी कधीच नाकारलं नाही," तो म्हणाला. "पण आम्ही त्याच पुठ्ठ्यावर होतो. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या नाचाचा कंटाळा आला, तेव्हा तो जगवला कुणी? माझ्या चुलतभावांनी. पार्कात कोंगा ढोल कुणाचा वाजत होता? माझ्या मामाचा. डीजे होते आमच्यात, भिंती रंगवणारे होते. मग कॅमेरे आले आणि आम्ही फोटोच्या कडेला गेलो. आता तर फोटोची कडही कापतात."

मी घरी येऊन जेवलो नाही. एखाद्याचं श्रेय गिळून बसणं याच्याइतकी किळसवाणी चोरी दुसरी नाही. पाकीटमाराला निदान आपण चोर आहोत एवढं तरी ठाऊक असतं.

सप्टेंबरात इथल्या एका सांस्कृतिक केंद्रात हिप हॉपच्या, म्हणजे त्याच ब्राँक्समधल्या गाण्या-नाचाच्या, चाळिशीचा उत्सव आहे. 'जगाचे ताल' या नावाखाली आमच्या पथकालाही बोलावलंय. भिंतभर इतिहासाचे फलक लागणार आहेत. एफ्राइन म्हणाला, "बघू या, यावेळी आम्ही असतो का."

शुक्रवार, ५ जुलै

नाहीत.

फलकांचे नमुने आज पाहिले. चाळीस वर्षांची भिंत, आणि तीवर एक प्वेर्तो रिकन नाव नाही. वर आणखी घाण म्हणजे, छापील कार्यक्रमात एफ्राइन आहे कुठे, तर 'उन्हाळी लॅटिन तास: चला, साल्सा शिकू या!' अशा ओळीखाली, मक्याच्या चिप्सचं चित्र काढून. त्या माणसाला साल्सा येत नाही. त्याने केंद्राला तसं कळवलंही होतं. लॅटिन म्हटला की कंबर हलवणारच, असं यांनी गृहीत धरलं. माझ्या तोंडाची चव गेली.

तसाच उठून केंद्राच्या मार्लूसकडे गेलो. ही तिथली संयोजक. गळ्यात लाकडी मणी, हातात आल्याचा हिरवट रस, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल प्रेम. मी म्हटलं, हा अन्याय आहे. तिने मान तिरकी करून ऐकलं आणि गोड आवाजात म्हणाली, याला काही लिखित आधार आहे का? शिवाय भिंतीवर जागा उरलेली नाही. लोकांचा गोंधळ होईल. आणि असे नाजूक विषय आनंदाच्या कार्यक्रमात कशाला? आपण सगळे हिप हॉपचेच ना!

एका दमात चार कारणं, आणि चारही खोटी. वर मला तो रस पाजला. रस्त्यावर येऊन थुंकलो.

सोमवार, १५ जुलै

आता मी या बाईला सोडत नाही. आधार हवा ना, देतो आधार. अमेरिकन विद्यापीठांचे लेख काढतोय, जुन्या मुलाखती काढतोय. आसावरी म्हणाली, "स्वतःच्या आईचा वाढदिवस विसरलास, आणि एफ्राइनच्या मामाचा कोंगा लक्षात आहे." बायकांना तत्त्व कळत नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

जिंकलो! मार्लूस शेवटी नमली. माझ्या ईमेलना कंटाळून का होईना, पण 'ब्राँक्सची प्वेर्तो रिकन पोरं' असा फलक लागणार. मजकूर माझा. साल्सा रद्द. आणि समारोपाला आमचं पथक वाजवेल, एफ्राइनची मुलं त्यावर ब्रेकिंग करतील, त्याआधी एक मिनिट माइक एफ्राइनकडे. त्याने मला मिठी मारली. घामाचा वास असह्य होता, पण सोसला.

आज त्यासाठीच सगळे गोठ्यात जमलो. मुलांना सोडायला पालक आले, त्यामुळे अरुणलाही यावं लागलं. तो दाराशीच उभा राहिला, गाडीची किल्ली हातात, जणू शेण पायाला चिकटेल.

आम्ही उलटा तोडा वाजवला. एफ्राइनने हात वर करून थांबवलं. "हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "आमची परंपरा आहे. पेशव्यांच्या काळापासूनची."

"काळाला हात नसतात. कुणाच्या हातातून आलं?"

"माझ्या," मी म्हटलं. मग कुणाच्या?

त्याचं लक्ष नव्हतं. तो दाराकडे बघत होता. तिथे दुधाची एक जुनी कॅन पालथी पडली होती आणि अरुण तिच्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होता. आपण वाजवतोय हे त्यालाही कळलं नसावं. एफ्राइन लंगडत गेला, त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आमच्या एका पोरसवदा वादकाच्या काड्या त्याच्या हातात दिल्या. अरुण नको नको म्हणत होता. मग एकदाच वाजवलं. त्या फुटक्या पत्र्यावर आमचाच तोडा, पण मागे पडल्यावर त्याच्या पोटात आणखी एक तुकडा, कडकड करत जाणारा, आणि मग परत. आमची पोरं खुळ्यासारखी बघत राहिली. चारुता "वॉव" म्हणाली. माझ्या तोड्याला ती कधी वॉव म्हणाली नाही.

"हा हलगीचा आहे, राजनदादा," अरुण म्हणाला. "वरात देवळापाशी थांबते ना, तेव्हा वाजवतात. आमचे अण्णा वाजवतात. आता हात थरथरतो त्यांचा. तुम्ही मधला तुकडा सोडताय."

मी म्हटलं, "अरे गाढवा, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

काय हा शिष्टपणा! मी मोठ्या मनाने म्हटलं, येत जा की मग, मागच्या रांगेत उभा करतो तुला. तर किल्ली घेतली आणि मुलीला न्यायला नंतर येतो म्हणून गेला. आढ्यता, दुसरं काय. एफ्राइन मात्र दिवसभर तो मधला तुकडा तोंडाने पुटपुटत होता.

मंगळवार, ३ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कॅन्टीनमध्ये अरुण ट्रे घेऊन समोर बसला. हा कधी आपणहून बसत नाही. तो बेचव चीज-पाव चावत म्हणाला, "पथकाचा जो फलक लागणार आहे, त्यात एक ओळ टाकाल का? की हा तोडा हलगीवाल्यांचा आहे. अण्णांचं नाव नको. नुसतं हलगीवाल्यांचं टाका."

मला मनातून वीटच आला. आमचा फलक सुंदर झालाय. शिवकाल, पेशवाई, लोकमान्य, पुणे, आणि आता न्यूनेन. त्यात ही ओळ कुठे बसवू? तरी मी आवाज चढवला नाही. त्याला विचारलं, याला काही लिखित आधार आहे का? शिवाय फलकावर जागा नाही. डच लोकांना ढोल आणि ताशा यातला फरक कळेना, त्यात हलगी आणली तर गोंधळ होईल. आणि ते गावाकडचे नाजूक विषय इथे, सणासुदीला कशाला? इथे आपण सगळे मराठीच ना!

"बरोबर," अरुण म्हणाला आणि ट्रे उचलून गेला.

किती समजुतीने सांगितलं मी. त्या मार्लूसने शिकावं माझ्याकडून, नकार कसा द्यायचा ते. तरी हा गाल फुगवूनच गेला. लोकांना काही दिलं की आणखी हवं असतं, हा माझा अनुभव आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

काल गणपती बसले. आज एक फार गोड गोष्ट झाली. चारुता आपणहून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, 'ज्ञ' कसा म्हणायचा? द-न-य नाही ना?" या मुलीने मराठीबद्दल कधी काही विचारलं होतं मला? मी तिला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला. ज्ञान, ज्ञानेश्वर, यज्ञ. तिने फोनवर माझा आवाज टिपून घेतला. मोदक हातात धरून बसलो होतो, डोळे भरून आले. कुरकुर नसलेला दिवस म्हणून नोंद करून ठेवतोय.

शनिवार, १४ सप्टेंबर

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं थंड होईल.

सकाळी केंद्रावर गेलो. आमचा फलक प्रवेशद्वाराशीच, भगव्या रंगात, झकास. एफ्राइनच्या लोकांचा फलक दिसेना. विचारत विचारत गेलो, तर पुरुषांच्या मुतारीच्या दारावर! म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवर, पण दार उघडलं की अर्धा झाकला जायचा. मी लिहिलेला मजकूर, आणि त्याच्यापुढे बिअर पिऊन रांगेत उभी असलेली माणसं. तो वास मी जन्मात विसरणार नाही. मार्लूस म्हणाली, "पण इथे सगळ्यांत जास्त लोक येतात!" या बाईशी भांडायलाही हात-पाय धुऊन बसावं लागेल. एफ्राइनने फलक वाचला, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि दार पुन्हा आदळलं तेव्हा हसला. मला त्याच्या हसण्याचाही राग आला.

समारोपाला मैदान भरलं होतं. आम्ही ढोल-ताशे घेऊन अर्धगोल उभे, मी मध्ये, नवा फेटा. मुलं चटईवर. एफ्राइनने माइक घेतला. मला वाटलं आता हा आपलं पुराण लावणार. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. नुसती नावं घेतली. चुलतभाऊ हेक्टर. मावसबहीण लूझ. कोंगावाला मामा चेओ. जिन्यावर शेजारी बसणारी डेनिस, "काळी, उंच, मला पहिली चाल तिनेच शिकवली." एकेक नाव घ्यायचा आणि थांबायचा. लोकांना वाटलं हे लोक आता येतील, ते टाळ्या वाजवायचे. कोणी येत नव्हतं.

मग म्हणाला, "आता जो ताल ऐकाल तो ज्ञानू या माणसाकडून आलाय. सांगली नावाच्या शहराजवळ राहतात. त्यांचा मुलगा इथे आहे."

ज्ञानू. इतका स्वच्छ 'ज्ञ' की पुण्यात कुणाला जमणार नाही. माझाच 'ज्ञ'. मी चारुताकडे पाहिलं. ती चटईवर हातांवर तोल सावरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

एफ्राइन माझ्यासमोर आला, हात पुढे केला. मला वाटलं, चला, आता माझं नाव. मीही हात पुढे केला. त्याने माझ्या गळ्यातला ताशा काढून घेतला. पट्ट्यासकट. फेटा तिरका झाला माझा. काड्याही मागून घेतल्या. आणि गर्दीतून अरुणला ओढून आणलं. तो कोट घातलेला, लालबुंद, बायकोला शोधत होता. वृंदा रडत होती. ताशा त्याच्या गळ्यात घातला.

वाजवलं त्याने. मधल्या तुकड्यासकट. ताशा घसरून मागे गेला तिथे माझी मुलगी एका हातावर उलटी थांबली, तो सगळा तुकडा ती तशीच थांबली, आणि ताशा परतला तेव्हा फिरत उठली. इतके दिवस सरावात ती तिथे का अडखळत होती, ते कळलं. लोक वेडे झाले होते. आमची हातमोजेवाली पोरंसुद्धा तालात होती.

आणि मी? मधोमध, रिकाम्या हातांनी. हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी टाळ्या वाजवल्या, नाहीतर वाईट दिसलं असतं.

उन्हाळाभर ज्याच्यासाठी झगडलो त्याने सगळ्या दुनियेचं नाव घेतलं, माझं नाही. मुतारीजवळ का असेना, तो फलक कुणी लावून घेतला? मला कृतघ्नपणाची किळस येते. घरी येऊन साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले.

सोमवार, १६ सप्टेंबर

काल संध्याकाळी आरतीनंतर आसावरी म्हणाली, "तुला नक्की राग कशाचा आलाय, राजन? त्याचं नाव घेतलं याचा, की तुझं घेतलं नाही याचा?" मी म्हटलं, दोन्ही एकच. ती तबक घेऊन आत गेली.

आज ऑफिसात अरुणने ताशा परत आणून दिला. गुंडाळून, नीट. "पान ढिलं होतं, राजनदादा. कसून ठेवलंय." मला वाटलं होतं की मिरवेल, टोमणा मारेल. तसं काही नाही. उलट खुर्ची ओढून बसला. व्हिडिओ गावी पाठवला म्हणे. अण्णांनी तो परत परत लावायला सांगितला. "अण्णा विचारत होते, पुण्यात तुम्हाला हा तोडा कुणी शिकवला? आमच्याकडची माणसं तेव्हा पुण्याला जायची कामाला. अण्णांचा धाकटा भाऊ गेला तो परत आलाच नाही. नाव सांगितलंत तर ओळखीचं निघेल."

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, आठवून उद्या सांगतो.

तसा माणूस मला चांगला आठवतो. रविवारी सकाळी आमच्या घरी शिकवायला यायचा. अंगाला बिडीचा वास, मला मळमळायचं. उजव्या हाताची करंगळी वाकडी, तरी काडी सोडायचा नाही. तोडा त्यानेच दाखवला, पण बसवला आम्ही. शिकवून झालं की व्हरांड्याच्या पायरीवर बसून चहा घ्यायचा. त्याचा कप खिडकीत वेगळा उपडा घातलेला असायचा, आमच्या आईची तशी शिस्त होती. मिरवणुकीला तो नव्हता. गणवेश मोजकेच शिवले होते. आम्ही त्याला 'अहो हलगीवाले' म्हणायचो.

संध्याकाळी जुन्या पथकाच्या ग्रुपवर टाकलं, की आपल्याला उलटा तोडा शिकवायला यायचा त्याचं नाव काय? नरेंद्रने विचारलं, कोण रे? आणखी एकाने लिहिलं, तोडा तर आपणच बसवला ना. कुणी अंगठा पाठवला, कुणी गणपती. पद्मजाने मिरवणुकीचा जुना फोटो टाकला, सगळे फेटे बांधून ओळीत. मी लिहिलं, अरे, निदान आडनाव? त्यावर कोणीतरी म्हणालं, जाऊ दे ना राजन, एवढं काय.

शी! काय ही माणसं. इतका मोठा ग्रुप, आणि एकालाही त्या बिचाऱ्याचं नाव ठाऊक नाही. मला यांच्याबरोबर फोटोत असल्याची लाज वाटली.

उद्या अरुण विचारणार. मला माहीत नाही असं सांगणं बरं दिसत नाही, आणि तिकडे म्हातारा माणूस फोनजवळ बसलेला. मी या बाबतीत कंजूष नाही. एफ्राइनने माझं नाव घेतलं नाही म्हणून मी कुणाचं घेणार नाही, असा माझा स्वभाव नाही. एक चांगलंसं नाव सांगून टाकतो. तुकाराम सांगावं की गणपत, एवढंच ठरवायचंय.

गणपत बरं. सणाचे दिवस आहेत.